महाविद्यालयीन खेळाडूंनो, मैदानात उतरण्याआधी हे नियम बघून घ्या

विद्यापीठाच्या संघात निवड झालेला खेळाडू शिबिरातून घरी परत जातो, तेव्हा कारण बहुतेक वेळा फाइलमध्ये सापडतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक जन्मतारीख आणि आधारवर दुसरी. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, अजून आलेला नाही. प्रवेश झालाय, पण फी भरायची राहिलीय. वर्षभर घाम गाळून असं बाहेर बसावं लागणं फार वाईट, आणि जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस दिले तर ते सहज टळतं. पुढे दिलेले नियम महाराष्ट्रातल्या वरिष्ठ महाविद्यालयांतल्या खेळाडूंसाठी आहेत.

तुम्ही नेमके कोणत्या गटात मोडता?

ज्युनियर आणि सीनियर कॉलेज एकाच आवारात असलं, तरी अकरावी-बारावीची मुलं विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळू शकत नाहीत. त्यांच्यासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांचा १९ वर्षांखालील गट आहे. पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाच्या मुलांच्या स्पर्धा वेगळ्या होतात. स्वायत्त महाविद्यालयाचा खेळाडू मात्र संलग्न विद्यापीठाकडूनच खेळतो. अभिमत आणि खासगी विद्यापीठं स्वतःचा स्वतंत्र संघ उतरवतात. वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांचं विद्यापीठ नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, मग कॉलेज कोणत्याही जिल्ह्यात असो. पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव येणार, त्याच विद्यापीठाचे तुम्ही खेळाडू.

स्पर्धांची चढण अशी असते: आधी आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय (सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुणे शहर, पुणे ग्रामीण, नगर आणि नाशिक असे विभाग आहेत), त्यातून विद्यापीठाची निवड चाचणी आणि सराव शिबिर. पुढे भारतीय विश्वविद्यालय संघाची पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा. बहुतेक सांघिक खेळांत विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात आणि तिथले पहिले आठ खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेला. राज्यातल्या विद्यापीठांचा क्रीडा महोत्सव, म्हणजे ‘अश्वमेध’, याशिवाय.

हे लक्षात ठेवायचं कारण सरळ आहे. कॉलेजच्या सामन्यात ज्या कागदाकडे कुणी फारसं बघत नाही, तोच कागद पश्चिम विभागाच्या तपासणीत अक्षरन् अक्षर वाचला जातो.

पात्रता

आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी मुख्य अटी अशा:

– वय १ जुलै रोजी १७ पूर्ण आणि २५ च्या आत. जून २००० मध्ये जन्मलेला खेळाडू २०२५-२६ च्या हंगामात बसत नाही, ऑगस्ट २००० मधला बसतो.
– बारावी होऊन आठ वर्षांपेक्षा जास्त काळ लोटलेला नसावा. मध्ये गॅप पडला असेल, तर तीही वर्षं यात मोजली जातात.
– पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी असावा आणि अभ्यासक्रम किमान एका शैक्षणिक वर्षाचा असावा.
– पूर्णवेळ नोकरी नसावी.
– एकाच शैक्षणिक वर्षात दोन विद्यापीठांकडून खेळता येत नाही.

एटीकेटी लागून पुढच्या वर्गात प्रवेश मिळाला असेल, तर तुम्ही नियमित विद्यार्थी आहात. वर्ष राहिलं आणि त्या वर्षी कॉलेजात प्रवेशच नसेल, तर नाही. नुसता तात्पुरता प्रवेशही पुरत नाही. अभियांत्रिकी, फार्मसी, एमबीए यांच्या सीईटी फेऱ्या लांबतात आणि आंतरमहाविद्यालयीन सामने त्याआधीच लागतात. तुमचं असं होणार असेल, तर जिमखान्यात आधीच कळवून ठेवा, म्हणजे क्रीडा संचालक तुमच्या नावाच्या भरवशावर संघ बांधणार नाहीत. कॉलेज किंवा विद्यापीठ बदलायचं मनात असेल, तर आधी नव्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला लेखी विचारा. दाखला काढल्यावर विचारून उपयोग नसतो.

पात्रता फॉर्म भरताना

हा फॉर्म एक-दोन पानांचाच असतो, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. म्हणून जरा थांबून बघू.

नाव बारावीच्या गुणपत्रिकेवर जसं छापलंय तसंच लिहायचं: आडनाव आधी तर आडनाव आधी, आणि इंग्रजी स्पेलिंगसुद्धा तेच. आधारवर ‘प्रथमेश’च्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त असेल, तर आधार दुरुस्तीला टाका. फॉर्मवर दोन्हींमधलं तिसरंच स्पेलिंग लिहू नका. लग्नानंतर नाव बदललेल्या खेळाडूंनी राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत जोडावी. जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरून उतरवा. बारावी उत्तीर्ण झाल्याचा महिना आणि वर्ष लिहिताना पहिल्या प्रयत्नाचं वर्ष टाकू नका. ज्या परीक्षेत सगळे विषय सुटले, ते वर्ष टाकायचं, कारण आठ वर्षं तिथून मोजतात.

फोटो यंदाचाच हवा. प्राचार्यांचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर उमटला पाहिजे. पूर्ण शिक्का फोटोच्या बाहेर पडला, तर तपासणीत फॉर्म परत येऊ शकतो. सही करताना आय-कार्डवरचीच सही करा.

सोबतची फाइल: दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, यंदाची फी-पावती, बोनाफाईड, कॉलेजचं आय-कार्ड आणि आधार. प्रत्येकाच्या तीन-तीन साक्षांकित झेरॉक्स. मूळ कागद स्पर्धेला सोबत न्यायचे, पण संघाच्या व्यवस्थापकांकडे एकगठ्ठा द्यायचे नाहीत. दाखवायचे आणि परत घ्यायचे.

हजेरी आणि परीक्षा

बहुतेक विद्यापीठांत सत्र परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. खेळाडू म्हणून ती आपोआप माफ होते, हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. हिशोब करून बघा. आठवड्याला चार तासिका असलेल्या विषयाच्या १५ आठवड्यांत ६० तासिका होतात, त्यातल्या ४५ हव्यात. म्हणजे १५ बुडाल्या तर चालतात. शिबिराचे दहा दिवस, येण्याजाण्याचे चार आणि सामन्यांचे पाच धरले, तर कामाचे जवळजवळ तीन आठवडे गेले, म्हणजे ११-१२ तासिका. आजारपण, गावची जत्रा, बहिणीचं लग्न हे सगळं उरलेल्या तीन-चार तासिकांत बसवायचं. त्यात रोज सकाळी मैदानावरून उशिरा येऊन पहिली तासिका बुडत असेल, तर ऑक्टोबरमध्येच गणित कोलमडतं.

त्यामुळे संघनिवडीचं पत्र हातात आलं की त्याच दिवशी प्राचार्यांच्या नावे अर्ज करा. त्यात विषय आणि तारखा स्पष्ट लिहा, निवडपत्राची प्रत जोडा आणि खेळण्याचे दिवस कर्तव्यावरची हजेरी म्हणून धरावेत अशी विनंती करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. एक प्रत विभागप्रमुखांना, एक वर्गशिक्षकांना. परत आल्यावर उपस्थिती प्रमाणपत्र जोडून तेच पुन्हा. तोंडी ‘सर, मी जातोय’ला सत्राअखेरीस कुणी विचारत नाही, आणि त्यात सरांचाही दोष नसतो.

प्रात्यक्षिकांचं वेगळं. हजेरी माफ झाली, तरी न केलेला प्रयोग माफ होत नाही आणि जर्नलवर सही मिळत नाही. जाण्याआधीच दुसऱ्या बॅचसोबत ते प्रयोग उरकून घ्या.

पश्चिम विभागाच्या स्पर्धा नोव्हेंबर ते जानेवारीत येतात, म्हणजे नेमक्या सत्र परीक्षेच्या तोंडावर. पेपर आणि सामना एकाच दिवशी आला, तर परीक्षेची वेगळी सोय विद्यापीठाच्या नियमांवर ठरते. ती मागायची असेल, तर अर्ज पेपरच्या आधी गेलेला हवा. गैरहजर राहून मग पत्र दिलं, तर ती साधी गैरहजेरी होते. सवलतीचे गुण, आणि नव्या शैक्षणिक धोरणातल्या सहअभ्यासक्रमाचे खेळाचे श्रेयांकही (क्रेडिट) मागितल्याशिवाय मिळत नाहीत. फॉर्मची शेवटची तारीख जिमखान्याच्या फलकावर लागते, ती बघत राहा.

शिबिर आणि प्रवास

शिबिरात पूर्ण दिवस हजर राहणं ही निवडीची अट समजा. दोन दिवस दांडी मारली, तर राखीव खेळाडू वर येतो, आणि ते योग्यच आहे. दुखापत लपवू नका. गुडघा सुजलेला असताना संघात नाव टिकवलं, तर पहिल्याच सामन्यात संघ एका खेळाडूने कमी पडतो. वजनाची मर्यादा असलेल्या खेळांत (कबड्डीच्या वरिष्ठ गटात पुरुषांना ८५ आणि महिलांना ७५ किलो) शिबिराच्या पहिल्या दिवशीच काट्यावर उभे राहा. शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडून उतरवलेलं वजन पायांतली ताकदही घेऊन जातं.

मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक असायलाच हव्यात. नसतील, तर निघण्याआधीच क्रीडा विभागाला विचारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत ‘कॅम्पस’च्या व्याख्येत संस्थेने केलेली प्रवासाची सोय, शिबिराच्या जागा आणि क्रीडास्पर्धा हे सगळं येतं. म्हणजे शिबिरात किंवा प्रवासात प्रशिक्षक, व्यवस्थापक किंवा सहखेळाडूकडून लैंगिक छळ झाला, तर कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे तक्रार करता येते. मुदत तीन महिन्यांची आहे. संघातलं स्थान जाईल म्हणून गप्प बसू नका.

औषधं: इथे चुकीला माफी नाही

उत्तेजक द्रव्यविरोधी नियम फक्त ऑलिंपिकवाल्यांसाठी असतात, असं अनेकांना वाटतं. पण ‘नाडा’ची, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेची, पथकं विद्यापीठ स्पर्धांतही नमुने घेतात. तत्त्व एकच: तुमच्या शरीरात जे सापडलं, त्याला तुम्ही जबाबदार. माहीत नव्हतं, डॉक्टरांनी दिलं, जिममधल्या मित्राने दिलं, यांनी शिक्षा फार तर कमी होते. स्टॅनोझोलोलसारख्या स्टेरॉइडला पहिल्याच वेळी चार वर्षांची बंदी बसू शकते. कॉलेजची सगळी वर्षं त्यातच जातात.

खोकल्याच्या औषधाची बाटली हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन ठीक आहेत. त्यांच्याच शेजारी ‘टर्ब्युटलीन’ लिहिलेलं असेल, तर बाटली खाली ठेवा. ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद आहे. एकाच कंपनीच्या जवळजवळ सारख्या नावाच्या दोन बाटल्यांत एकीत ते असतं, दुसरीत नसतं. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्यावर २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी आली, ती याच घटकामुळे. खोकल्याच्या औषधातून ते नकळत शरीरात गेल्याचं क्रिकेट मंडळाने तेव्हा मान्य केलं, तरीही बंदी बसलीच.

सलाईनचंही तसंच. थकवा आला की गावच्या दवाखान्यात ‘एक सलाईन लावून टाका’ म्हणायची सवय आहे. नियमाप्रमाणे १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून घेता येत नाही, आणि साधी बाटली ५०० ची असते. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानासाठी लागलं तर सूट आहे. तेव्हा कागदपत्रं जपून ठेवा. नुसत्या थकव्याला ओआरएस प्या.

सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठराविक प्रमाणापलीकडे चालत नाही. ‘स्पर्धेचा काळ’ सामन्याच्या आदल्या रात्री ११:५९ ला सुरू होतो, म्हणून किमान २४ तास आधी गोळी बंद करा. वेदनाशामक ट्रॅमाडोल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेत बंद आहे. वजन उतरवायला लघवीची गोळी घेणं कायमच बंद. दम्याचा पंप असेल, तर सालब्युटामोल श्वासातून २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, पण कोणत्याही आठ तासांत ६०० च्या वर नाही. आजारासाठी बंदीतलं औषध खरोखरच लागत असेल, तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज स्पर्धेच्या ३० दिवस आधी करायचा. ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘नॅचरल’ असं लेबल म्हणजे हमी नव्हे. खुल्या डब्यातून मोजून दिलेली पावडर तर हातात घेऊच नका. ‘नाडा’च्या ‘नो युवर मेडिसिन’ अॅपवर औषधाचं नाव टाकून बघता येतं. दुकानातून बाहेर पडण्याआधी तेवढं करा.

चाचणीला नाव आलं, तर पळू नका, कारण टाळाटाळीची शिक्षाही चार वर्षांपर्यंत जाते. सोबत प्रशिक्षक किंवा पालक नेता येतो. पाणी स्वतः निवडलेल्या सीलबंद बाटलीतलंच प्या. किमान ९० मिलिलिटर लघवीचा नमुना ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत विभागला जातो. बाटल्यांवरचे क्रमांक फॉर्मशी जुळवून बघा, मागच्या सात दिवसांतली सगळी औषधं आणि पावडरी त्यात लिहा आणि आपली प्रत घेऊनच निघा.

प्रमाणपत्रं

महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण अर्ज करण्याआधी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. तिथे नुसत्या प्रमाणपत्रावर भागत नाही. स्पर्धा खरंच झाली का, किती संघ होते, तुमचं नाव प्रवेशिकेत होतं का, हे आयोजकांच्या कागदांशी ताडून पाहतात. त्यामुळे स्पर्धा संपली की लगेच, आयोजक विद्यापीठाची माणसं जागेवर असतानाच, संघाच्या प्रवेशिकेची आणि निकालपत्रकाची सही-शिक्क्याची प्रत व्यवस्थापकांमार्फत मागून घ्या. नावाचं स्पेलिंग, खेळाचा गट, क्रमांक आणि तारीख तिथेच तपासा. चार वर्षांनी दुरुस्ती मागायला गेलात, तर सही करणारा अधिकारी बदललेला असतो. प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका, शिक्का आणि शाई तपासता येत नाही. स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन करा, काही प्रमाणपत्रांचा अनुक्रमांक तिथेच असतो.