उपकेंद्राची क्षमतावाढ: मंजुऱ्यांच्या टप्प्यावर या चुका टाळा

जुन्या १३२/३३ केव्ही उपकेंद्रात (१३२ हजार व्होल्टची वीज ३३ हजार व्होल्टवर आणणारे केंद्र) आणखी एक रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) बसवायचे ठरले की पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणतो, "जागा आपली, कुंपण आपले, मग परवानगी कसली?" प्रकल्प अहवाल तयार करण्याच्या कामात बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, पुढे होणाऱ्या विलंबाचे बीज बहुतेक वेळा याच वाक्यात असते. क्षमतावाढ हे नव्या उपकेंद्रापेक्षा सोपे काम वाटते, पण ते चालू यार्डात (जिथे यंत्रे उभी असतात त्या उपकेंद्राच्या आवारात) आणि मधल्या काळात भोवती वाढलेल्या वस्तीत करायचे असते. त्यातच जमिनीचे कागद चाळीस वर्षांपूर्वीच्या समजुतीवर तयार झालेले असतात.

'पर्यावरण मंजुरी लागू नाही' एवढेच लिहिणे

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या अनुसूचीत पारेषण वाहिन्या आणि उपकेंद्रे नाहीत, हे खरे आहे. बांधकाम प्रकल्पांसाठी असलेली २०,००० चौरस मीटरची मर्यादाही एखाद्या नियंत्रण कक्षाने ओलांडली जाण्याची शक्यता नसते. परंतु या एका अधिसूचनेतून सूट मिळाली म्हणजे वन कायदा, सागरी किनारा नियमन, वन्यजीव संरक्षण, वृक्षतोड, ध्वनी आणि घातक कचरा यांविषयीच्या नियमांतून सूट मिळाली, असे होत नाही. अहवालातील पर्यावरणाच्या प्रकरणात 'लागू नाही' असे दोन शब्द लिहून पान उलटणाऱ्याला हे सगळे विषय निविदा निघाल्यानंतर, म्हणजे सर्वात महाग वेळी, एकेक करून भेटतात.

ताबा आहे म्हणून जमिनीचा प्रश्न नाही असे मानणे

सर्वाधिक वेळ ज्या एका गोष्टीवर द्यावा ती ही. विस्ताराची आखणी सुरू करण्यापूर्वी सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा आणि मूळ वाटपाचा आदेश हे चारही कागद एकत्र ठेवून वाचावेत. फक्त सातबाऱ्यावर भागत नाही.

पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेल्या जमिनी महसूल खात्याच्या असल्या, तरी सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिलेल्या निर्णयानुसार त्या वन म्हणूनच धरायच्या आहेत. त्या निर्णयात १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या आणि त्यानंतर वाटप झालेल्या जमिनींचा विचार वेगवेगळा केलेला आहे, त्यामुळे वाटपाच्या आदेशावरील तारीख येथे निर्णायक ठरते. तो आदेश बहुधा लोखंडी कपाटातल्या एखाद्या जीर्ण फाईलमध्ये असतो. तो शोधायला एक माणूस आठवडाभर बसवावा लागला तरी बसवावा.

किनारपट्टीवर अशीच गफलत कांदळवनांबाबत होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार सार्वजनिक हिताच्या कामासाठीसुद्धा कांदळवन तोडण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित असतो. मूळ कुंपण घातले तेव्हा खाडी दूर होती आणि आज कांदळवन भिंतीला टेकले आहे, असे घडू शकते. म्हणून जुन्या नकाशावर विसंबून न राहता आजची मोजणी करून घ्यावी.

वाहिनी आणि उपकेंद्र यांच्या कायदेशीर स्वरूपातील फरकही अनेकांच्या लक्षात येत नाही. वाहिनी हा रेषीय, म्हणजे लांब अरुंद पट्ट्यातून जाणारा प्रकल्प आहे. वन हक्क कायद्याच्या संदर्भात ग्रामसभेच्या संमतीबाबत केंद्राने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिलेली सवलत रेषीय प्रकल्पांसाठी होती. उपकेंद्राचा भूखंड त्यात बसवता येत नाही. त्याचप्रमाणे विद्युत कायदा २००३ च्या कलम १६४ खालील अधिकार वाहिन्या आणि मनोरे उभारण्यासाठी आहेत. त्या आधारे यार्डासाठी शेजारच्या शेतातली अर्धा एकर जमीन मिळत नाही. ती विकत घ्यावी लागते किंवा रीतसर संपादित करावी लागते.

वाहिनी एका फाईलमध्ये, उपकेंद्र दुसऱ्या

गोव्यातील मोले या जंगल परिसराचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तमनार पारेषण प्रकल्पातील ४०० केव्ही वाहिनी जंगलातून नवा पट्टा काढून नेण्याचा प्रस्ताव होता. वनविषयक प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करणाऱ्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात, आधीपासून असलेल्या २२० केव्ही वाहिनीच्या पट्ट्याचाच वापर करावा, अशी शिफारस केली. हा पर्याय कोणालाही सुचण्यासारखा होता. तो सुरुवातीलाच तपासून, नाकारायचा असल्यास कारणांसह नाकारून, अहवालात लिहिणे हे प्रस्ताव मांडणाऱ्याचे काम असते. आपल्या विस्तारातील नवा बे (वाहिनी उपकेंद्राला जोडण्याची जागा) ज्या वाहिनीसाठी आहे, त्या वाहिनीचा मार्ग मंजूर झाला नाही तर तो बे रिकामा उभा राहील. म्हणून दोन्हींची तपासणी एकत्र करावी.

गरज सिद्ध करताना आकडे फुगवणे

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे जाणारा अहवाल भांडवली गुंतवणूक योजनांच्या मंजुरीविषयीच्या २०२२ च्या विनियमांखाली तपासला जातो. तेथे 'भार वाढला आहे' हे विधान पुरत नाही. समजा प्रत्येकी ५० एमव्हीए (क्षमतेचे एकक) अशी दोन रोहित्रे आहेत. सर्व फीडरांचे (उपकेंद्रातून बाहेर वीज नेणाऱ्या वाहिन्यांचे) आपापले कमाल भार बेरजेला घेतले तर ८८ एमव्हीए होतात, पण हे सगळे एकाच वेळी कधीच येत नाहीत. उपकेंद्राचा एकत्रित कमाल भार ६६ आहे. उत्साही अभियंता ८८ लिहितो आणि पहिल्याच शंकेला सापडतो. वास्तविक ६६ हाच आकडा पुरेसा बलवान आहे, कारण एक रोहित्र बंद पडले तर उरलेल्या ५० वर १६ एमव्हीए भार बसत नाही. त्याच्या जोडीला भार शेजारच्या उपकेंद्रावर वळवणे किंवा ५० च्या जागी १०० एमव्हीए रोहित्र बसवणे हे पर्याय का नको, ते लिहावे. समांतर रोहित्रामुळे ३३ केव्ही बसवर (सर्व फीडर जिथे जोडलेले असतात त्या सामाईक वाहकावर) वाढणारी शॉर्ट सर्किट पातळी जुन्या ब्रेकरांना (दोष येताच प्रवाह तोडणाऱ्या उपकरणांना) झेपेल का, हेही दाखवावे.

पर्यायी वनीकरण, वनजमिनीचे निव्वळ वर्तमान मूल्य (वनजमीन वापरल्याबद्दल भरायची रक्कम) आणि झाडांची भरपाई हे खर्च मूळ अंदाजपत्रकात नसतील, तर ते नंतर छाननीत अडकतात. टाळता येण्याजोग्या विलंबामुळे वाढलेले बांधकाम काळातील व्याज वीजदरात बसेलच, अशीही खात्री नसते. शहरी हद्दीत वृक्ष संरक्षण कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात आणि ५० वर्षांवरील झाडाला वेगळे संरक्षण आहे. त्यामुळे यार्डाच्या कोपऱ्यातला वड मोजणीत घ्यावा.

तेल आणि आवाज

सुरक्षा विनियमांनुसार २,००० लीटरपेक्षा जास्त तेल असलेल्या रोहित्राला सोक पिट (गळलेले तेल सामावून घेणारा खड्डा) लागतो आणि ९,००० लीटरच्या पुढे तेल वाहून नेण्याची व्यवस्थाही लागते. कोकणातील एका उपकेंद्रात मी जुलै महिन्यात गेलो होतो. खड्डा नियमाच्या मापाचा होता, परंतु तो पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेला होता. त्या दिवशी टाकी फुटली असती तर तेलाला आत जागाच नव्हती. पंप होता, त्याचा पाइप थेट कुंपणाबाहेरच्या ओहोळात सोडलेला होता आणि ओहोळाच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसत होता. कागदावर सर्व काही पूर्ण होते. नव्या रोहित्राचे तेल जुन्या सामाईक टाकीत सोडणार असाल, तर तिचे आकारमान मुसळधार पाऊस धरून पुन्हा काढावे आणि पाणी तेल विलगकातूनच बाहेर जाईल असे पाहावे.

रोहित्राची गुणगुण ही ५० हर्ट्झच्या दुपटीची, म्हणजे १०० हर्ट्झची असते आणि ती भिंतीतून सहज आत शिरते. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. एकाच आवाजाची दोन यंत्रे शेजारी ठेवली तर पातळी ३ डेसिबलने वाढते, म्हणजे आज ४४ असेल तर उद्या मर्यादा ओलांडली गेली. मोजमाप दुपारी वाहतुकीच्या गोंगाटात न घेता मे महिन्यातील रात्री, थंड करणारे पंखे चालू असताना, शेजारच्या खिडकीपाशी घ्यावे. 'आम्ही आधीपासून येथे आहोत' या उत्तराने तक्रारदाराचे समाधान होत नाही.

शेवटच्या महिन्यात आठवणाऱ्या गोष्टी

विद्युत निरीक्षकांची तपासणी झाल्याशिवाय नवे रोहित्र चार्ज करता, म्हणजे त्यात वीज सोडता येत नाही आणि त्यांनी काढलेल्या त्रुटी दूर करायला दिवस लागतात. चालू यार्डातील कामासाठी आऊटेज (ठरवून वीज बंद ठेवण्याची मुभा) हवे असते. ते उन्हाळ्यात भार जास्त म्हणून मिळत नाही आणि पावसाळ्यात मिळाले तरी काम होत नाही, त्यामुळे वेळापत्रक दिवाळीनंतरच्या महिन्यांभोवती बांधणे शहाणपणाचे. जुने रोहित्र काढून भंगारात द्यायचे असल्यास त्याच्या तेलाचा नमुना आधी तपासून घ्यावा. जुन्या रोहित्रांच्या तेलात आढळू शकणाऱ्या पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल्स या घातक रसायनांच्या वापरावर २०१६ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२५ पासून पूर्ण बंदी घातली आहे. असे तेल निघाले तर ते नेहमीच्या वापरलेल्या तेलासोबत लिलावात देता येत नाही, आणि ते रोहित्र हलेपर्यंत नव्या रोहित्राचा पाया खणायलाही जागा मोकळी होत नाही.