इंजिनाचं झाकण जड झालंय आणि गळतंय? आधी ठोकून बघा

जुनी फायबरची, आत इंजिन बसवलेली मोटरबोट गोसेखुर्दच्या पाण्यात चालत असो की इटियाडोहाच्या, तिची दोन गाऱ्हाणी ठरलेली. इंजिनावरचं झाकण एकट्याला उचलत नाही, आणि पावसाची सर आली की पाणी थेट स्टार्टर-अल्टरनेटरवर. मग झाकणाला गाडीच्या डिकीचे शॉकर लावले जातात आणि फटीत सिलिकॉन भरलं जातं. ही दोन वेगळी दुखणी समजू नका. बहुतेक वेळा पाण्यामुळेच झाकण जड झालेलं असतं, आणि ते पाणी कुठून शिरलं हे सापडल्याशिवाय खर्च करू नये.

असं झाकण म्हणजे वर-खाली फायबरचा थर आणि मधे प्लायवूड. बिजागरी, हँडल, कडी यांचे स्क्रू वरचा थर फोडून प्लायमधे जातात. त्या भोकांतून पाणी आत झिरपतं, पण बाहेर यायला वाट नसते. प्लाय कुजतो, झाकण वजन धरतं, मधोमध झोल पडतो. झोल पडला की रबर कडेला टेकत नाही आणि गळती सुरू.

तपासणीला पैसे लागत नाहीत. गावात कापूस किंवा धान मोजायचा लटकता काटा असतोच. तो हँडलला अडकवून झाकण बिजागरीवरून जेमतेम उचला. काट्यावर दिसेल ते साधारण निम्मं वजन, कारण उरलेलं बिजागरी पेलते. हिशोबाला एक आकडा धरा: ४ बाय ३ फुटांच्या झाकणातला १८ मिलिमीटरचा कोरडा प्लाय साधारण १२ किलो भरतो. भिजल्यावर हे वजन फार वाढतं.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कडेपासून मधापर्यंत ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी दबका. आवाज बदलेल तिथे खडूने रेघ मारा. सुरुवात बिजागरीच्या स्क्रूंपासून करा. कूज बहुधा तिथूनच पसरलेली दिसेल. खात्रीसाठी त्या रेघेच्या आत, झाकणाच्या खालच्या बाजूने, बारीक भोक पाडा. कोरडा फिका भुसा आला तर ठीक. काळपट ओला लगदा बिटला लागून आला, तर प्लाय बदलायलाच हवा.

हे काम एप्रिल-मे मधे काढा. पाणी उतरलेलं असतं, बोट काठावर घेता येते, आणि पाऊस यायला अवकाश असतो. झाकण सुटं करून सपाट जागी उलटं ठेवा. ग्राइंडरने खालचा थर कडेला दोन इंच सोडून कापा आणि कुजका लगदा पटाशीने खरवडून काढा. वरचा थर जपायचा आहे, तो कापू नका. फायबरची धूळ वाईट असते. मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. झाकण उन्हात पूर्ण सुकू द्या. विदर्भाचं ऊन इथे कामी येतं.

मधे नवीन काय घालायचं? आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय चालतो, पण त्याचा डिंक पाण्यात टिकतो म्हणून लाकूड पाणी पीतच नाही असं नाही. कापलेली प्रत्येक कड रेझिनने, म्हणजे फायबरकामात वापरतात त्या गोठणाऱ्या चिकट द्रवाने, बुजवावी लागते. मिळाला तर मी पीव्हीसी फोम घेईन. घनमीटरला ८० किलो घनतेचा २० मिलिमीटर फोम त्याच मापाला दोन किलोही भरत नाही. फक्त बिजागरी, हँडल आणि कडी येतात तिथे प्लायचे तुकडे बसवा, कारण फोम स्क्रू धरत नाही. थर्माकोल मात्र वापरू नका, पॉलिस्टर रेझिनमधे ते विरघळतं.

रेझिनचं काम पहाटे करा. ४५ अंशांच्या दुपारी हातातल्या डब्यातच ते गोठतं. हार्डनर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणाच्या खालच्या टोकाला ठेवा आणि थोडं थोडंच कालवा. एक गोष्ट जिवाशी गाठ आहे: कोबाल्ट (रेझिन गोठण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमधे पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. जुना थर खरखरीत घासून अ‍ॅसिटोनने पुसा, रेझिनने भिजवलेली काचतंतूंची मॅट अंथरा, त्यावर फोम दाबा, वर प्लास्टिक टाकून रेतीची पोती ठेवा. वजन सगळीकडे सारखं पडलं पाहिजे, नाहीतर झाकण वाकडंच गोठेल. दुसऱ्या दिवशी खालून ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर द्या.

आता स्क्रू. घाई इथेच होते. ६ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी आधी १२ मिलिमीटरचं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, कडक झाल्यावर त्याच्या मधोमध बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. म्हणजे स्क्रू ढिला झाला तरी पाणी इपॉक्सीपर्यंतच पोचेल.

गळतीसाठी रबराआधी पन्हाळ बघा. तोंडाभोवतीची खाच आणि तिची निचऱ्याची नळी पाल्याने, चिखलाने तुंबली असेल, तर कोणतंही रबर पाणी अडवणार नाही. जुनं रबर काढून बंद छिद्रांचं ईपीडीएम जातीचं रबर लावा. गादीचा स्पंज पाणी धरून ठेवतो. मग तोंडाच्या कडेवर खडू घासून झाकण लावा आणि उघडा. रबरावर खडू उमटला नसेल तिथे फट आहे. हवेच्या जाळ्या मात्र बुजवू नका. इंजिनाला हवा लागते, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. पेट्रोल इंजिन असेल तर चालू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर ओढणारा पंखा, चार मिनिटं चालवा.

शॉकर सगळ्यात शेवटी, झाकण पुन्हा मोजून. समजा हँडलशी काटा ८ किलो दाखवतो, झाकण १२० सेंटिमीटर लांब आहे, आणि ते अर्धं उघडल्यावर बिजागरीपासून शॉकरच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर ३० सेंटिमीटर आहे. ८ गुणिले १२० भागिले ३० म्हणजे ३२ किलो, साधारण ३२० न्यूटन. दोन शॉकर असतील तर प्रत्येकी १६०. हा आकडा शॉकरवर छापलेला असतो. जास्त ताकदीचा घेतला तर झाकण पिळवटतं आणि बिजागरी उपटते. झाकण बंद असताना दांडी खाली राहील असा बसवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. आणि इंजिनावर वाकून काम करताना शॉकर असला तरी झाकणाला लाकडी टेकू लावाच.