पेट्रोल वाचवणारी डबी खरोखर पेट्रोल वाचवते का, हे स्वतः कसे तपासावे

गाडीच्या स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. मेकॅनिक त्यात स्कॅनर जोडून इंजिनातले दोष वाचतो, आणि त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. याच पोर्टमध्ये खुपसायची एक लहानशी प्लास्टिकची डबी ऑनलाइन बाजारात काहीशे रुपयांना मिळते. ती इंजिनाच्या संगणकाला नवे ट्यूनिंग शिकवते, त्यामुळे 15 टक्के किंवा त्याहूनही अधिक इंधन वाचते, असा तिच्याविषयी दावा केला जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे आजवर तपासली असून त्यांतल्या मोजक्याच उपकरणांत किंचित फायदा आढळला आहे. तरीही एखादा शेजारी डबी लावतो आणि गाडीचे ॲव्हरेज वाढल्याचे मनापासून सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. डबी लावल्यापासून तो ट्रिप मीटरकडे लक्ष ठेवू लागलेला असतो आणि नकळत ॲक्सिलरेटर हलका दाबू लागलेला असतो. डबीला शिकण्यासाठी पहिले 200 किलोमीटर गाडी चालवा, असे विक्रेता सांगतो, पण त्या 200 किलोमीटरांत खरा बदल चालकाच्या पायात होतो.

म्हणून पहिले काम डबी लावण्याचे नाही, तर डबीशिवाय आपल्या गाडीचे ॲव्हरेज आपोआप किती खालीवर होते हे मोजण्याचे आहे. बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि त्यामुळेच फसतात. यासाठी सलग पाच वेळा टाकी फुल्ल करावी, आणि दर वेळी शक्यतो एकाच पंपावर, एकाच नोझलवर, सकाळच्या थंड वेळी जावे, कारण पेट्रोल दर 10 अंश सेल्सिअसला साधारण एक टक्का प्रसरण पावते. पंप बदलू नये, कारण इथेनॉलचे प्रमाण बदलले तरी ॲव्हरेज बदलते. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडले की तिथेच थांबावे; पंपावरचा मुलगा ‘राउंड फिगर करू का’ असे विचारतो, तेव्हा त्याला स्पष्टपणे नको म्हणावे. त्या राउंड फिगरमध्ये अर्धा लिटर कमीजास्त झाला, तर 30 लिटरच्या भरण्यात दीड टक्क्याहून अधिक आणि 10 लिटरच्या भरण्यात तब्बल 5 टक्क्यांची चूक शिरते. याच कारणाने टाकी बरीच रिकामी झाल्याशिवाय पुन्हा भरू नये. चाकांतली हवा दर आठवड्याला गाडी थंड असताना तपासावी, एसीचा वापर आणि गाडीतले वजन सारखे ठेवावे, आणि शक्य असल्यास पुणे ते सातारा आणि परत अशी जाण्यायेण्याची ठरलेली फेरी निवडावी, म्हणजे खंबाटकीचा चढ आणि उतार दोन्ही हिशोबात येतात. ॲव्हरेज डॅशबोर्डवरून न घेता धावलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर असे वहीत मांडावे.

समजा पाच टाक्यांचे आकडे 16.8, 17.5, 16.3, 17.1 आणि 17.8 असे आले. सरासरी 17.1 झाली, पण सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांत दीड किलोमीटरचे अंतर आहे, आणि तेही काहीही न लावता. आता डबी लावल्यावर एका टाकीला 17.8 आले, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण तेवढे ही गाडी तशीही देते. याउलट 15 टक्के पेट्रोल खरोखर वाचत असेल, तर सरासरी 20.1 च्या आसपास जायला हवी, आणि एवढा मोठा फरक या साध्या वहीतही लपून राहणार नाही.

पुढच्या टाक्या काही डबीसह आणि काही डबीविना अशा मिसळून मोजाव्यात, म्हणजे ऋतू आणि रहदारी यांचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. मात्र डबी लावलेली आहे की नाही, हे चालकाला कळता कामा नये. टाकी भरली की घरातल्या कोणीतरी नाणे उडवून ठरवावे, त्याप्रमाणे डबी लावावी किंवा काढावी, दोन्ही वेळी पोर्ट काळ्या कापडाने झाकून टेपने बंद करावा, आणि काय केले ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावे. दहा टाक्यांचे आकडे वहीत उतरवून झाल्यावरच पाकिटे उघडावीत. हा खटाटोप काहींना जास्त वाटेल, पण माझ्या मते संपूर्ण चाचणीत सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

ताकद वाढल्याचा दावा तपासायचा असेल, तर खासगी किंवा बंद रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये 30 ते 60 किलोमीटर वेगाला लागणारा वेळ शेजारी बसलेल्या व्यक्तीने स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढून मोजावा, आणि दोन्ही दिशांना मिळून निदान दहा वेळा मोजावा. इंधन वाचवण्याच्या नावाखाली इंधननळीवर लावायच्या चुंबकांनाही हीच सारी पद्धत लागू पडते.

चाचणी संपल्यावर आणि डबी परत करण्याची इच्छा नसल्यास स्क्रू काढून ती उघडून पाहावी. बहुसंख्य आधुनिक गाड्यांत इंजिनाच्या संगणकाशी संवाद 6 आणि 14 क्रमांकांच्या पिनांवरून होतो, तर 16 क्रमांकाच्या पिनेवर बॅटरी आणि 4 व 5 क्रमांकांवर अर्थिंग असते. मी उघडलेल्या डबीत एक छोटी चिप, एक बटण आणि तीन दिवे होते, आणि 6 व 14 या पिनांपासून चिपपर्यंत तांब्याची एकही रेघ गेलेली नव्हती, म्हणजे इंजिनाला काही सांगण्याचा मार्गच तिच्याकडे नव्हता. अशी डबी पोर्टमध्ये विसरून ठेवू नये, कारण 16 क्रमांकाच्या पिनेला गाडी बंद असतानाही वीज मिळत राहते आणि ते तीन दिवे रात्रभर बॅटरीवर जळत राहतात.