आशाताई आणि सिस्टरना बीपी-शुगरचं ट्रेनिंग देताय? मग या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक, दिवसभर स्लाइड दाखवायच्या आणि बीपीचं मशीन टेबलावर नुसतं ठेवायचं. बीपी घेणं हाताला बसावं लागतं. मी आता जोड्या लावून एकमेकींचंच बीपी घ्यायला लावते आणि मग सगळं दिसतं, ताई आत्ताच चालत आलेली, पाय लोंबकळतायत, कफ ब्लाउजच्या बाहीवरूनच गुंडाळलाय, वर दोघींच्या गप्पा चालू, आणि आकडा येतो 150. मग तिलाच पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, दंड मोकळा, बोलायचं नाही, आणि परत घ्यायचं. आकडा खाली आलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की पुन्हा सांगावं लागत नाही. जाड दंडाला लहान कफ लावला तरी बीपी उगाच जास्त दिसतं, हेही तिथंच दाखवा.

शुगरला स्पिरिट वाळल्याशिवाय बोट टोचायचं नाही, आणि स्ट्रिपची डबी उघडी ठेवायची नाही.

सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका मार्कांनी मोजायचा फॉर्म, नुसता वाचून दाखवू नका. तंबाखू खाता का विचारलं की आजी नाहीच म्हणणार, कारण मशेरी त्यांच्या हिशोबात दात घासायची असते, म्हणून मशेरी हा शब्द घेऊनच विचारायला शिकवा. कमरेचं मापही तसंच, टेप निऱ्यांवरून गेली तर चार-पाच सेंटिमीटर सहज वाढतात, आणि बाईचं 80 च्या वर गेलं की मार्क लागतो. एकूण स्कोअर 4 च्या वर गेलेल्यांना आधी तपासणीला आणायचं असतं, म्हणजे बघा माप चुकलं तर काय होतं.

पेशंट सापडला की काम झालं असं समजू नका, खरं काम तिथून पुढं. "बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. अहो, गोळी चालू आहे म्हणूनच तर नॉर्मल आलंय! पण ताईला फक्त "गोळ्या घ्या" एवढंच म्हणायला शिकवलं तर उपयोग नाही, गोळी का सुटली ते विचारायला शिकवा, बऱ्याचदा मजुरी बुडते म्हणून कुणी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, आलेलं नसतं.

आणि सिस्टरच्या ट्रेनिंगमध्ये हमखास राहून जाणारी गोष्ट. गरोदरपणात 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर 140 किंवा वर आली की सगळे धावपळ करतात, पण बाळंतपण झालं की त्या बाईचा विषयच संपतो. तिला पुढं डायबेटिस व्हायचा धोका जास्त असतो हो. सहा आठवड्यांनी बाळाच्या लसीला ती येतेच, तर आदल्या दिवशी आशाताईनं निरोप द्यायचा, उपाशीपोटी या, आणि त्याच दिवशी आईचीही शुगर करून घ्यायची.