कान भरणारं नाटक कानांनीच वाचावं

एखाद्याचे कान भरणं, एखादा कानाचा हलका असणं, हे आपण रोज बोलतो. शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ या दोन वाक्प्रचारांवरच उभं आहे. कृष्णवर्णीय सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा इयागो त्याच्या मनात बायको डेस्डिमोना आणि दुय्यम अधिकारी कॅसिओ यांच्याबद्दल खोटा संशय भरवतो. ‘हे विष मी त्याच्या कानात ओतणार’ असं इयागो दुसऱ्या अंकात स्वतःच सांगतो. एम.ए.च्या पहिल्या वर्षी ते वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं, आणि तरी पुढचं अख्खं वर्ष नाटक फक्त डोळ्यांनी वाचत बसले. आता मराठी माध्यमातून आलेली मुलं-मुली तेच पुस्तक घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

माझंही बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालं. हातात टिपा नसलेली, बारीक टायपातली एक प्रत आणि जोडीला गाईड. अडलेला शब्द डिक्शनरीत बघायचा, समासात मराठी अर्थ लिहायचा. अशाने पहिला अंक संपायला आठ दिवस लागले आणि गोष्टीपलीकडे हाती काही लागलं नाही. मग एका मैत्रिणीने मोबाईलवर ऑडिओ पाठवला. तो मी एसटीत येता-जाता दोनदा ऐकला आणि इयागोची बायको एमिलिया हिच्यावरच्या सेमिनारला उभी राहिले. मॅडमनी शांतपणे विचारलं, ‘चौथ्या अंकाचा शेवट कुठे गेला?’ मला काही सुचेना. माझ्याकडचं रेकॉर्डिंग होतं सव्वा तासाचं. अख्खं नाटक ऐकायला साधारण तीन तास लागतात. डेस्डिमोना झोपायच्या तयारीत विलोच्या झाडाचं गाणं म्हणते आणि एमिलिया नवरे लोकांना खडे बोल सुनावते, तो प्रवेशच त्यात नव्हता. म्हणून ऑडिओ घेताना आधी वेळ बघा, आणि संपूर्ण आहे की संक्षिप्त ते वाचा. आवाज कोणाचे हे त्यानंतर.

दुसरी गोष्ट, ऑडिओ आणि पुस्तक यांची जोडी जुळली पाहिजे. नॅक्सॉस या ऑडिओ कंपनीने 2000 साली काढलेल्या संपूर्ण रेकॉर्डिंगमध्ये ह्यू क्वार्शी ऑथेल्लो आहे आणि अँटन लेसर इयागो. ते न्यू केंब्रिजच्या संहितेवर बेतलेलं आहे, म्हणजे नॉर्मन सँडर्सने संपादित केलेली 1984 ची प्रत मांडीवर घेऊन ऐकलं तर बोट सहसा चुकत नाही. आर्केंजल या ऑडिओ मालिकेतल्या ऑथेल्लोला पेलिकनची छापील प्रत जुळते. वेगळी प्रत घेतलीत तर मधूनच ओळी गायब होतात, शब्द बदलतात, आणि नवख्या माणसाला वाटतं की आपलंच इंग्रजी कच्चं. तसं नसतं, संहिताच वेगळी असते. लायब्ररीत यातलं काहीच नसेल तर अमेरिकेतल्या फोल्जर ग्रंथालयाची संहिता इंटरनेटवर फुकट वाचता येते.

आता तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश घ्या. तुमचं प्रेम जमत होतं तेव्हा कॅसिओला ते माहीत होतं का, असं इयागो सहज विचारतो. हो, तो तर आमच्यात निरोप न्यायचा-आणायचा, असं ऑथेल्लो सांगतो. त्यावर इयागोचा एकच शब्द, ‘इन्डीड?’ डिक्शनरीत मला त्याचा अर्थ मिळाला ‘खरोखर’. मी तो समासात लिहिला आणि पुढे गेले. लेसरच्या तोंडून तो शब्द ऐकला तेव्हा वाचता वाचता थांबले. आपल्याकडे एखादी शेजारीण ‘अस्सं?’ म्हणते आणि पुढे काहीच बोलत नाही, तेव्हा समोरच्याच्या पोटात जो गोळा येतो, तो त्या एका शब्दात आहे. पुढे ऑथेल्लो विचारतो, तो ऑनेस्ट नाही का? इयागो म्हणतो, ‘ऑनेस्ट, माय लॉर्ड?’ तुला काय वाटतं? ‘थिंक, माय लॉर्ड?’ इयागो एकही आरोप करत नाही. ऑथेल्लोचेच शब्द त्याच्या कानात परत टाकतो. छापील पानावर ही नुसती पुनरुक्ती दिसते. ती फास आवळल्यासारखी कशी आवळत जाते हे कानालाच कळतं.

हा तर माझ्यासारखा बोलतोय, असं ऑथेल्लो तिथेच वैतागून म्हणतो. टिपांची खरी गरज इथे लागते. 1622 च्या क्वार्टोत, म्हणजे या नाटकाच्या छोट्या आकाराच्या पहिल्या छापील प्रतीत, ही ओळ देवाच्या शपथेने सुरू होते. 1623 च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहात, शपथ जाऊन ‘अलास’ आलं आहे. रंगभूमीवर देवाचं नाव उगाच घेतलं तर दहा पौंड दंड, असा कायदा 1606 साली झाला होता. फोलिओतून अशा शपथा मोठ्या संख्येने गळाल्या त्या बहुधा त्यामुळेच, असं बरेच संपादक मानतात. आता दोन्ही मोठ्याने म्हणून बघा. शपथ घेणारा ऑथेल्लो भडकलेला वाटतो, ‘अलास’ म्हणणारा आतून खचायला लागलेला. अशा जागी ऑडिओ तुम्हाला एकच पर्याय ऐकवतो, दुसरा टिपेत सापडतो.

आर्डेन या टिपांसह निघणाऱ्या शेक्सपिअर-प्रतींच्या तिसऱ्या मालिकेतली हॉनिगमनची 1997 ची प्रत या कामाला उत्तम आहे. 2016 पासून तिला अयाना थॉम्प्सन यांची नवी प्रस्तावना आहे. पण पहिल्या वाचनाला आर्डेन उघडू नका, असं मी आग्रहाने सांगते. पानावर चार ओळी नाटक आणि खाली टिपांचा ढीग, असं झालं की नाटकाचा वेग मरतो. आधी एक अंक सलग ऐका, पुस्तकात फक्त बोट फिरवत. मग तोच अंक टिपांसह वाचा. मग पुन्हा ऐका. वेळ जातो खरा, पण परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड लागत नाही.

एक टीप आपल्या वाचकांनी मुद्दाम बघावी. शेवटच्या भाषणात ऑथेल्लो स्वतःची तुलना करतो ती अमोल मोती फेकून देणाऱ्याशी. क्वार्टोत तो माणूस ‘इंडियन’ आहे, फोलिओत ‘जुडियन’. जुन्या छपाईत आय आणि जे एकाच अक्षराने छापत आणि एन उलटा बसला की यू दिसे, त्यामुळे खिळे जुळवणाऱ्याच्या हातून काय झालं असेल यावर संपादक आजवर भांडत आले आहेत. फर्नेसच्या 1886 च्या व्हेरिओरम, म्हणजे सगळे पाठभेद आणि अभ्यासकांची मतं एकत्र देणाऱ्या, आवृत्तीत याच एका शब्दावरची चर्चा पानंच्या पानं चालते. ती आवृत्ती आता स्वामित्वहक्काबाहेर असल्याने इंटरनेटवर मोफत मिळते. नटाला मात्र दोन्हींपैकी एकच शब्द उच्चारावा लागतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये कोणता आहे ते कान देऊन ऐका.

पॉल रोबसन या अमेरिकन नटाचं रेकॉर्डिंगही सोडू नका. 1943 साली ब्रॉडवेवर सुरू झालेल्या त्याच्या ऑथेल्लोचे 296 प्रयोग झाले आणि पुढच्याच वर्षी त्याच नटांकडून नाटक ध्वनिमुद्रित करून घेतलं गेलं. संहिता कापलेली आहे, त्यामुळे अभ्यासाचा पाया म्हणून ते घेऊ नये, पण तो खर्जातला आवाज ऐकल्यावर हा माणूस इतकं मोठं सैन्य कसं चालवत असेल ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि क्वार्शीबद्दल एक सांगायलाच हवं. कृष्णवर्णीय नटाने ही भूमिका करावी का, असा सवाल त्याने आधी एका व्याख्यानात जाहीरपणे केला होता. तरी त्याने ती केली. हे माहीत असताना त्याला ऐकणं वेगळं होतं.

मराठीतली वाट आपल्याला जास्त जवळची. गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 मध्ये या नाटकाचं ‘झुंझारराव’ केलं. याच देवलांनी पुढे ‘संशयकल्लोळ’ लिहिलं, म्हणजे संशयाचं रडू आणि संशयाचं हसू एकाच लेखणीतून आलं. मूळ नाटकातला एखादा प्रवेश ऐकून झाला की ‘झुंझारराव’मधला तोच प्रवेश मोठ्याने वाचा. इयागोचं गोड बोलणं आपल्या भाषेत कसं येतं ते कळलं की इंग्रजी ओळीचा सूर आपोआप सापडतो.

ऐकण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला चौथ्या अंकात झाला. ऑथेल्लो लपून इयागो आणि कॅसिओचं बोलणं बघतो. त्याला हातवारे दिसतात, हसणं दिसतं, शब्द मात्र धड पोचत नाहीत. कॅसिओ त्याच्या मैत्रिणीबद्दल, बियांकाबद्दल, बोलत असतो आणि ऑथेल्लो समजतो डेस्डिमोनाबद्दल. ऑडिओत आपलं नेमकं उलटं होतं, आपल्याला फक्त शब्द मिळतात, दिसत काहीच नाही. ‘डोळ्यांना दिसेल असा पुरावा दे’ म्हणणारा माणूस डोळ्यांनीच फसतो आणि आपण अंधारात बसून सगळं खरं ऐकत असतो. त्या दिवशी मी बसमधून एक स्टॉप पुढे जाऊन उतरले.

सेमिनारमध्ये हुकलेला तो प्रवेश नंतर मी किती वेळा ऐकला, मोजलं नाही. गाणं आणि एमिलियाचं ते मोठं भाषण, दोन्ही क्वार्टोत नाहीत, फोलिओत आहेत. प्रतीची टीप हे सांगते. टीप सांगत नाही ते असं, की गाता गाता डेस्डिमोना मधेच थांबते. दार कोण वाजवतंय, असं विचारते. एमिलिया म्हणते, वारा आहे. पानावर ही जेमतेम एक ओळ आहे. हेडफोन लावून ऐकताना त्या दोन वाक्यांच्या मधे क्षणभर काहीच नसतं, आणि आपणही श्वास रोखून दाराकडे कान लावतो.