जीटीए फाइव्हमध्ये गाडी खऱ्यासारखी चेपायची असेल तर

जीटीए फाइव्ह या व्हिडिओ गेममध्ये ताशी शंभरने भिंतीला धडक दिली, तर बॉनेटला एक पोचा येतो, एक हेडलाइट फुटतो आणि गाडी काही झालंच नाही अशा थाटात रिव्हर्स घेऊन निघते. जीटीए फोरमध्ये (२००८) असं नव्हतं. तिथे पत्रा चुरगळायचा, चाक तिरपं व्हायचं, गाडी एका बाजूला ओढायची. फाइव्हमध्ये (२०१३, पीसीवर २०१५) हे सगळं सौम्य केलं गेलं. चेपण्याची यंत्रणा मात्र खेळात शाबूत आहे, फक्त तिचे आकडे खाली धरून ठेवलेत. शिवाय या खेळात कारिन, वेपिड, ब्रावाडो असे सगळे ब्रँड काल्पनिक असल्यामुळे गाडीचा चेंदामेंदा झाला म्हणून कुणा खऱ्या कंपनीने नाक मुरडायचाही प्रश्न नाही.

पण आकडे वाढवण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. गाडी किती चेपते आणि गाडी किती लवकर मरते, ही दोन वेगळी खाती आहेत. बहुतेक जण दोन्ही एकदम वाढवतात. मग दुसऱ्याच सिग्नलला गाडी पेटते आणि ‘रिअॅलिस्टिक’ म्हणून टाकलेला मॉड (खेळाच्या फाइलींत केलेला बदल) दोन दिवसांत काढून टाकला जातो. खऱ्या गाडीचं उलट असतं: पत्रा सहज चेपतो, पण स्फोट जवळजवळ कधीच होत नाही. म्हणून चेपण्याचा आकडा वर न्यायचा आणि इंजिनाचा खाली आणायचा.

आधी तयारी. हे सगळं पीसीवरच्या जुन्या, म्हणजे ‘लेगसी’ आवृत्तीसाठी आहे आणि फक्त स्टोरी मोडसाठी, म्हणजे एकट्याने खेळायच्या भागासाठी. बदललेल्या फाइली घेऊन ऑनलाइन गेलात तर खातं बंद होऊ शकतं. सप्टेंबर २०२४ पासून खेळात बॅटलआय ही ऑनलाइन फसवेगिरी पकडणारी यंत्रणा आहे, ती लाँचरच्या सेटिंग्जमधून बंद करून मगच मॉडवाला खेळ चालू करायचा. ओपनआयव्ही (खेळाच्या फाइली उघडून बदलण्याचं सॉफ्टवेअर) उतरवून घ्या आणि त्याच्या टूल्स मेनूतल्या एएसआय मॅनेजरमधून एएसआय लोडर व ओपनआयव्हीचं प्लगइन, दोन्ही बसवा. यातलं एक जरी राहिलं तर मॉड्स फोल्डर खेळाला दिसतच नाही आणि तुम्ही तासभर आकडे बदलत बसता.

आता खेळाच्या फोल्डरमध्ये ‘मॉड्स’ (mods) नावाचा फोल्डर करा, त्यात ‘अपडेट’ (update) नावाचा आणखी एक, आणि मूळ अपडेट फोल्डरातली अपडेट.आरपीएफ त्यात कॉपी करा. फाइल दांडगी आहे, डिस्कवर तेवढी जागा आधी बघून घ्या. मूळ फाइलला हात लावायचा नाही. काही बिनसलं तर मॉड्स फोल्डरचं नाव बदललं की खेळ पुन्हा पहिल्यासारखा. ओपनआयव्हीत एडिट मोड चालू करून या कॉपीतच कॉमन, मग डेटा, असं जा. तिथे हँडलिंग.मेटा, म्हणजे गाड्यांच्या वागण्याचे आकडे असलेली फाइल, सापडेल. ती डेस्कटॉपवर बाहेर काढा आणि नोटपॅड प्लस प्लससारख्या एडिटरमध्ये उघडा. वर्डमध्ये नको, तो अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवतो.

फाइलमध्ये प्रत्येक गाडीची एक नोंद आहे आणि तीत पन्नासेक ओळी. नाव शोधायचं ते हँडलिंगचं. ते बहुतेक वेळा मॉडेलच्या नावासारखंच असतं, पण काही गाड्या दुसऱ्या गाडीचं हँडलिंग उसनं घेतात. शंका आली तर व्हेइकल्स.मेटात त्या मॉडेलपुढे कुठलं हँडलिंग लिहिलंय ते बघा. सरावासाठी ब्लिस्टा घ्या: छोटी हॅचबॅक, शहरात जागोजागी सापडते. नोंदीच्या खालच्या अंगाला चार ओळी लागून आहेत: कोलिजन, वेपन, डिफॉर्मेशन आणि इंजिन, प्रत्येकीच्या शेवटी ‘डॅमेज मल्ट’. चारही ओळी गुणक आहेत. १.० म्हणजे खेळाने काढलेलं नुकसान जसंच्या तसं, ०.५ म्हणजे निम्मं, ० म्हणजे काहीच नाही.

कोलिजनचा गुणक धडकेत गाडीचं ‘आरोग्य’ किती उतरेल ते ठरवतो. वेपनचा गोळ्यांसाठी, त्याला हात लावायची गरज नाही. डिफॉर्मेशनचा म्हणजे पत्रा किती आत जाईल. हाच आपला मुख्य आकडा. अनेक साध्या गाड्यांत तो ०.८ च्या आसपास असतो. इंजिनचा गुणक मात्र बहुतेक ठिकाणी १.५, म्हणजे मुळातच चढा. पत्रा जेमतेम चेपलेला आणि बॉनेटमधून पांढरा धूर, हे विचित्र दृश्य खेळात सारखं दिसतं ते यामुळेच.

ब्लिस्टासाठी सुरुवात अशी करा: डिफॉर्मेशन २.०, कोलिजन ०.८, इंजिन १.०. आकडे फाइलमध्ये इंग्रजीच लिहायचे, दशांशाला टिंब, स्वल्पविराम नाही, मागेपुढे कुठलं अक्षर नाही. अवतरणचिन्ह किंवा ओळीच्या शेवटचा तिरपा दांडा चुकून उडाला तर खेळ लोडिंगलाच कोसळतो. फाइल जतन करून ओपनआयव्हीत त्याच जागी परत ओढून टाका आणि खेळ पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. चालू खेळात हँडलिंग बदलणारी प्लगइन्स मिळतात. चाचणीला ती सोयीची आहेत, पण आवडलेला आकडा शेवटी फाइलमध्ये उतरवावाच लागतो.

चाचणीची जागा हा दुर्लक्षित विषय आहे. रस्त्यावर धडका देत फिरून काहीही कळत नाही, कारण दर वेळी वेग वेगळा, कोन वेगळा, समोरची गाडी वेगळी. खेळाच्या नकाशातली सँडी शोअर्सची धावपट्टी घ्या: सरळ, मोकळी, आणि लॉस सँटोसच्या मोठ्या विमानतळासारखे पोलीस मागे लागत नाहीत. धडकायला काँक्रीट किंवा हँगरची भिंत, जी जागची हलणार नाही अशी. लाकडी कुंपण, दिव्याचे खांब आणि कचऱ्याचे डबे मोडून बाजूला होतात, त्यांच्यावर चाचणी फुकट जाते. वेग दाखवणारा एखादा ट्रेनर, म्हणजे चालू खेळात मेनू उघडून देणारा मॉड, लागेल (तो चालवायला स्क्रिप्ट हुक व्ही हे प्लगइन), कारण खेळ स्वतः वेगाचा आकडा दाखवत नाही. ट्रेनरमधून गाडी नव्याने उभी करता येते, हा दुसरा फायदा. प्रत्येक धडकेला कोरी गाडी हवी, आधीच चेपलेल्या गाडीवरचं मोजमाप खोटं असतं.

धडका तीन. पहिली समोरून, ताशी ४० ला. दुसरी अर्धवट, म्हणजे गाडीची एकच बाजू भिंतीच्या कोपऱ्यावर जाईल अशी, ताशी ६४ ला. तिसरी कुशीतून: गाडी आडवी उभी करा आणि दुसऱ्या गाडीने ताशी ५० ला दरवाजात घुसा. ६४ आणि ५० हे आकडे हवेतले नाहीत. भारत एनकॅप या गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या योजनेच्या क्रॅश टेस्टमध्ये समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरला, गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भाग अडथळ्यावर येईल अशी देतात आणि कुशीतली ५० ला. त्या चाचण्यांचे व्हिडिओ बघून घ्या, याहून चांगली फूटपट्टी नाही. चांगल्या गाडीत अशा धडकेनंतर काय दिसतं? बॉनेट घडी पडल्यासारखा वर उठतो, बंपर आणि मडगार्ड जातात, पुढचं चाक मागे सरकतं. पण समोरच्या काचेच्या दोन बाजूंचे खांब उभेच राहतात, छत सपाट असतं आणि दरवाजा उघडतो. नाक मुद्दाम मऊ आणि बसायची जागा मुद्दाम कडक बनवलेली असते.

अडचण अशी की एका गुणकाला हा फरक कळत नाही. डिफॉर्मेशन वाढवलं की नाकाबरोबर छत आणि खांबही मऊ होतात. म्हणून ६४ च्या धडकेनंतर कॅमेरा खिडकीच्या पातळीला आणा आणि काचेच्या बाजूचा खांब बघा. तो सरळ आहे तोवर गुणक ०.२ ने वाढवत जा. खांब आत झुकायला लागला की एक पायरी मागे या. ती त्या गाडीची मर्यादा. हॅचबॅक आणि सेडानला ही बहुधा १.८ ते २.२ च्या मध्ये सापडते. बुटक्या स्पोर्ट्स गाड्यांची काच तिरपी, त्यामुळे छत लवकर खचतं, तिथे १.५ ते १.८ वर थांबा. ट्रक, बस, डंपर यांना १.० च्या वर नेऊ नका. डंपरला हॅचबॅक धडकली आणि दोन्ही सारखेच चेपले, हे बघताक्षणी खोटं वाटतं. दुचाकींना काहीच करू नका, तिथे चेपायला पत्राच नाही.

४० च्या धडकेचा उपयोग उलटा आहे. इतक्या वेगाला फार काही व्हायला नको. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, म्हणजे ८० ची धडक ४० च्या चौपट भारी. ४० लाच बॉनेट अर्धा आत गेला तर तुमचा गुणक जास्त आहे, मग ६४ ला तो कितीही देखणा दिसो.

तीनच्या वर नेल्यावर काय होतं तेही सांगून टाकतो, कारण मोह होतोच. पत्र्याला खेळात जाडी नसते, तो नुसता त्रिकोणांचा पातळ पडदा. जास्त ओढला की टोकं सुयांसारखी बाहेर येतात, बॉनेटमधून डॅशबोर्ड डोकावतो, ड्रायव्हरचं डोकं छतातून वर निघतं. आणि हेच आकडे रहदारीतल्या गाड्यांनाही लागू असल्यामुळे पोलिसांचा पाठलाग दोन चौकांत भंगारबाजार होतो.

ब्लिस्टा जमली म्हणून ‘सगळं बदला’ करून पूर्ण फाइलला २.० लावायचा विचार असेल तर थांबा. याच फाइलमध्ये विमानं, हेलिकॉप्टर आणि बोटीही आहेत. जरा जोरात उतरलेलं विमान मग धावपट्टीवरच वाकडं होतं. आधी दहा गाड्या हाताने करा: टॅक्सी, पोलिसांची गाडी, दोन-तीन सेडान, आणि तुम्ही रोज चालवता त्या. नंतर वाढवा. पुढच्या अपडेट्समधून आलेल्या गाड्या या फाइलमध्ये सापडणार नाहीत. त्यांच्या नोंदी आपापल्या डीएलसी पॅकच्या (नंतर जोडलेल्या भागाच्या फोल्डरच्या) आत असतात आणि तो पॅकही आधी मॉड्स फोल्डरमध्ये कॉपी करावा लागतो.

आकडा बदलला तरी गाडी ढिम्म चेपत नसेल तर बहुधा ती बाहेरून आणलेली मॉड गाडी असते. स्कॉर्पिओ, थार, जुनी फियाट असल्या मॉडेलांत हे फार. तिची व्हेइकल्स.मेटा उघडा आणि ‘डॅमेज मॅप स्केल’ व ‘डॅमेज ऑफसेट स्केल’ या दोन ओळी बघा. शून्याच्या जवळ असतील तर हँडलिंगमध्ये काहीही लिहा, पत्रा जागचा हलणार नाही. पहिली ०.५ आणि दुसरी ०.५ करून बघा, मग चढवा. मॉडेल बनवणाऱ्याने हे आकडे कधीकधी मुद्दाम खाली ठेवलेले असतात: आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा इतका चिकटून बनवलेला असतो की चेपल्यावर एकातून दुसरा बाहेर येतो. तसं दिसलं तर मुकाट्याने आकडा खाली घ्या. काच फुटत नसेल किंवा बंपर गळून पडत नसेल तर तो दोष मॉडेलातच आहे, मेटा फाइलमध्ये त्याला औषध नाही.

राहता राहिली आग. इंजिनाचं आरोग्य १००० पासून सुरू होतं. ३०० च्या आसपास धूर आणि ओढ कमी, ० च्या खाली गेलं की पेट घेतं आणि आकडा भराभर घसरत उणे ४००० पर्यंत जातो. नुसता गुणक १.० केला तरी मोठ्या धडकांच्या मालिकेत आग लागतेच. आग न लागता इंजिन फक्त बंद पडायला हवं असेल तर स्क्रिप्ट हुक व्ही डॉट नेटमध्ये दहा ओळींची स्क्रिप्ट पुरते: खेळाडूच्या गाडीच्या इंजिनाचं आरोग्य १५० च्या खाली गेलं की ते १५० वरच धरून ठेवायचं आणि गाडीवर ‘चालवण्याजोगी नाही’ अशी खूण करायची. नुसतं इंजिन बंद करून भागत नाही, पुढच्याच क्षणी खेळाडू ते पुन्हा चालू करतो. तपासणी दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रागणिक करा, पण फक्त स्वतःच्या गाडीची. आसपासच्या सगळ्या गाड्यांवर दर फ्रेमला फिरलात तर गर्दीच्या चौकात खेळ अडखळतो. मिशनमध्ये ही स्क्रिप्ट बंद ठेवायची एक कळ जरूर द्या, नाहीतर गाडी सोडली की मिशन फसतं आणि गाडी काही हलत नाही.

खेळाचं नवं अपडेट आलं की मूळ अपडेट.आरपीएफ बदलते, मॉड्समधली मात्र जुनीच राहते आणि खेळ सुरूच होत नाही. जुनी कॉपी काढून नवी टाकायची आणि बदल पुन्हा करायचे. जुनी हँडलिंग.मेटा सरसकट वर टाकली तर त्या अपडेटमध्ये त्यांनी काही दुरुस्त केलं असेल तेही पुसलं जातं. त्यासाठी गाडीचं नाव आणि तीन आकडे अशी एक साधी यादी वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवा. वीस गाड्यांची यादी पुन्हा चढवायला अर्धा तास पुरतो.