इलेक्ट्रिक गाडीची खरी रेंज कशी काढावी

गेल्या मे महिन्यात दिवेआगरहून परतताना माणगावला चहाला थांबलो. स्क्रीनवर ४८ टक्के चार्ज आणि १५५ किलोमीटर रेंज दिसत होती. कोथरूडचं घर तिथून शंभरेक किलोमीटर. पन्नासेक किलोमीटर हातात राहतील असा हिशेब करून चार्जर शोधायच्या फंदात न पडता निघालो. ताम्हिणी चढून वर आलो तेव्हा चार्ज होता २५ टक्के, रेंज ६५ आणि घर अजून ५५ किलोमीटर लांब. मग काय, एसी बंद, काचा खाली, पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये सगळे घामाघूम. सोसायटीच्या गेटातून आत शिरलो तेव्हा ४ टक्के उरले होते.

जाताना हाच घाट उतरलो तेव्हा रेंज २२८ वरून २५१ झाली होती. मागे बसलेली आई म्हणाली, "अरे, वाढतंय की हे!" मीही खूष झालो होतो.

गाडीत बिघाड काहीच नव्हता. स्क्रीनवरच्या किलोमीटरवर मी जरुरीपेक्षा जास्त विश्वास ठेवला, इतकंच. तो आकडा म्हणजे गाडीने मागच्या काही किलोमीटरमध्ये किती वीज खाल्ली ते पाहून बांधलेला अंदाज. उतारावर वीज खर्चच झाली नाही, तर गाडी समजते पुढेही असंच चालणार. समोर घाट आहे हे तिला माहीत नसतं. (नेव्हिगेशनमध्ये ठिकाण टाकलं की चढ-उतार धरून हिशेब करणाऱ्या गाड्या आहेत, पण सगळ्या नाहीत.) तेव्हा भरवसा ठेवायचा तो टक्क्यांवर. एका टक्क्यात माझी गाडी, माझ्या हाताखाली, माझ्या रस्त्यावर किती किलोमीटर जाते, हा एक आकडा मिळवायचा. तो कसा, ते सांगतो.

पायरी १ : ब्रोशरचा आकडा ०.७ ने गुणा

भारतात ब्रोशरवर छापलेली रेंज एमआयडीसी या चाचणीची असते. नाव वाचून औद्योगिक वसाहत आठवेल, पण हे 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल'. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालवतात, एसी बंद ठेवून. पहिल्या भागात वेग ५० च्या वर जात नाही, दुसऱ्या भागात जास्तीत जास्त ९०. युरोपची डब्ल्यूएलटीपी चाचणी १३१ पर्यंत जाते, म्हणून त्याच गाडीचा तिकडचा आकडा कमी येतो. अमेरिकेत तर प्रयोगशाळेत आलेला आकडाच साधारण ०.७ ने गुणून मग स्टिकरवर छापतात.

हा ०.७ आपल्याकडेही बऱ्यापैकी लागू पडतो. टाटाने ऑगस्ट २०२४ मध्ये कर्व्ह ईव्ही आणली, तेव्हा ५५ युनिट (किलोवॅट-तास) बॅटरीच्या मॉडेलला चाचणीची रेंज ५८५ किलोमीटर सांगितली आणि प्रत्यक्ष वापरातली ४०० ते ४२५. भागाकार करून पाहा. गाडी अजून घ्यायची असेल तर शोरूममध्ये मनातल्या मनात हा गुणाकार करा आणि मगच ईएमआयचं बोला.

पायरी २ : टक्क्याचा हिशेब मांडा

हीच खरी पायरी, बाकीच्या हिच्या आजूबाजूच्या.

आधी टायरमधली हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्या. गाडी रात्री १०० टक्के चार्ज करा. सकाळी ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि टक्के लिहून ठेवा. मग नेहमीसारखी चालवा. परीक्षा आहे म्हणून शहाण्यासारखी चालवलीत तर उत्तर खोटं येईल. एसी रोज लावत असाल तर लावा, मुलं शाळेत सोडत असाल तर सोडा. चार्ज ४० टक्क्यांच्या आसपास आला की ट्रिप मीटर वाचा.

माझा पहिला हिशेब असा होता : १०० वरून ३८ टक्के, म्हणजे ६२ टक्के खर्च. अंतर १८० किलोमीटर. १८० भागिले ६२ बरोबर २.९. माझ्या गाडीचा पुणे शहरातला आकडा हा. १०० टक्क्यांना २९० किलोमीटर.

किमान ५० टक्के खर्च होऊ द्या. दहा-पंधरा टक्क्यांवर हिशेब केला तर चुकतो, कारण स्क्रीन पूर्ण आकडेच दाखवते. ७१ दिसतंय ते ७१.४ आहे की ७०.६, कळायला मार्ग नाही. दुसरं, तुमची बॅटरी एलएफपी असेल (लिथियम आयर्न फॉस्फेट, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं), तर अधूनमधून ती पूर्ण १०० पर्यंत भरावी लागते. या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ बदलतच नाही. त्यामुळे किती भरली आहे हे गाडीलाच नीट उमगत नाही आणि टक्के हळूहळू खऱ्यापासून सरकतात. महिनोन् महिने ८० वरच थांबत असाल तर चाचणीआधी एकदा पूर्ण भरा.

घरच्या वीजमीटरवरून हिशेब मात्र करू नका. मीटरवर १० युनिट पडले तर बॅटरीत ९ च्या आसपास जातात, बाकीचे चार्जिंगमध्ये उष्णता होऊन उडतात. खर्च किती आला हे पाहायला तो मीटर ठीक, रेंजसाठी नाही.

पायरी ३ : हायवेचा आकडा वेगळा काढा

पेट्रोल गाडीवाल्यांची इथे गल्लत होते. त्यांना हायवेला ॲव्हरेज जास्त मिळतं, आपल्याला कमी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की वेग वाढतो सव्वापट, पण हवेचा विरोध दीडपटीहून जास्त. शहरात ब्रेक मारताना थोडी वीज परत मिळते, एक्सप्रेसवेवर ती सोयही फारशी नाही.

माझ्या गाडीचा हायवेचा आकडा ९० च्या वेगाला २.३ निघाला. १०० लावला की २.१. जिथे नेहमी जाता त्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने, तुमचा तुम्ही काढा. माझा उसना घेऊ नका.

एसीचं गणित याच्या बरोबर उलटं. एकदा केबिन थंड झाली की एसी तासाला साधारण एक युनिट घेतो, गाडी पळो की उभी राहो. हायवेला त्या तासात तुम्ही ९० किलोमीटर जाता, तेव्हा ते युनिट कळतही नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये त्याच तासात दहा किलोमीटर होतात आणि गाडी ओढायला लागते जवळपास तेवढीच वीज एसी खातो. म्हणून रेंज वाढवायला हायवेवर एसी बंद करून घरच्यांचे शाप घेण्यापेक्षा वेग दहाने कमी करावा. मी पिरंगुटला जे केलं ते घाबरून केलं होतं.

पायरी ४ : घाट वेगळा मोजा

माणसं आणि सामान धरून पावणेदोन-दोन टनांची गाडी १०० मीटर उंच न्यायला साधारण अर्धा युनिट जादा लागतं. हे सूत्र पाठ करा, महाराष्ट्रात पदोपदी लागतं. खोपोली ते लोणावळा साडेपाचशे मीटरचा चढ, म्हणजे पावणेतीन युनिट. ४० युनिटच्या बॅटरीतून सात टक्के गेले. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणार असाल तर चढ बाराशे मीटरच्या वर, म्हणजे सहा युनिटहून जास्त, पंधरा-सोळा टक्के. रस्त्याच्या लांबीची वीज वेगळी, ही वरची.

उतरताना यातला बराच भाग परत मिळतो, सगळा नाही. आणि बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर घेतलेली वीज ठेवायला जागाच नसते, त्यामुळे रीजन (ब्रेक मारताना किंवा उतारावर वीज परत मिळणं) कमी होतं किंवा बंद पडतं. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंग फुकट मिळालं तरी सकाळी उतरायचं असेल तर ८५-९० वर थांबवा.

पायरी ५ : प्रवासाचा हिशेब आदल्या दिवशी कागदावर

सुरुवातीच्या टक्क्यांतून १५ वजा करा, घाटाचे टक्के वजा करा, उरलेल्याला हायवेच्या आकड्याने गुणा.

पुणे ते कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. १०० तून १५ गेले, खंबाटकीचे दोन-तीन धरले, उरले ८२. गुणिले २.३ म्हणजे १८९ किलोमीटर. थेट होणार नाही. कराड १६० च्या आसपास आहे, तिथे जेवण आणि चार्जिंग एकदम उरकायचं. ते १५ टक्के ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद निघाला तर पुढच्या चार्जरपर्यंत जाण्यासाठी आहेत. ते मोडायचे नाहीत.

माणगावला हाच हिशेब केला असता तर? शांत रस्त्याला माझी गाडी टक्क्याला २.७ देते. शंभर किलोमीटरला ३७ टक्के, ताम्हिणीच्या चढाचे ७, एकूण ४४. हातात ४८ होते, म्हणजे उरणार जेमतेम ४, राखीव १५ कुठेच नाहीत. उत्तर एका मिनिटात चहाच्या टपरीवर, बिलाच्या मागे निघालं असतं.

पायरी ६ : दरवर्षी एकदा पुन्हा

तोच महिना, तोच रस्ता, तशीच हवा टायरमध्ये. पावसाळ्यातला आकडा उन्हाळ्याशी ताडू नका, ओल्या रस्त्यावर गाडी जड चालते. माझ्या वहीत पहिल्या वर्षी शहराचा आकडा २.९ होता, यंदा तिसऱ्या वर्षी २.८ आला. बॅटरीवर साधारणपणे ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते. पुढे कधी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर 'रेंज कमी झाली' म्हणायची वेळ आली, तर ही वही सोबत नेणार आहे.